दुपारच्या नळ्या

प्रिय ताई,

परवा फोनवर तू हसलीस ते मला लागलं नाही. मी म्हणालो, बाबांच्या गोळ्या परत सुरू कर, आणि तू म्हणालीस, "झालं, आला आमचा संशयराव." मागून बाबांचा आवाज आला, "त्याला म्हणावं छापील कागद आहे हा, तुझ्या शंकेवर चालत नाही." तुमच्याकडे फोन कायम मोठ्या आवाजावर आणि बाबा कायम फोनच्या शेजारी, तिथे मी काय बोलणार? म्हणून लिहायला बसलो. आठवी नापासाचं पत्र आहे, लांबेल, पण शेवटपर्यंत वाच. आधी एकटीने वाच. बाबांना किती सांगायचं ते मग तू ठरव.

तुला माहीत आहे तेच आधी लिहितो, म्हणजे माझा गुंता होणार नाही. गेल्या वर्षी आपल्या डॉक्टरांनी बाबांचं रक्त तपासलं तेव्हा तो क्रिएटिनिनचा आकडा आला एक पूर्णांक आठ. डॉक्टर म्हणाले मूत्रपिंडं थकलीत, दोन गोळ्या रोज, मीठ कमी. बाबा वर्षभर तोंड वाकडं करून अळणी जेवले. मग ती आरोग्याची मोठी पाहणी आली, घरोघर फिरून हजारो लोकांचं रक्त घेणारी, आणि तिच्या कागदावर आकडा आला एक पूर्णांक तीन, पुढे छापलेलं, 'मर्यादेत'. बाबांनी त्याच दिवशी गोळ्यांचा डबा कपाटावर भिरकावला, मिठाची बरणी ताटाजवळ ओढली आणि डॉक्टरांना लुटारू ठरवून टाकलं. तू मोठ्या आनंदाने सगळं कळवलंस. कागदावरचा क्रमांकही उतरवून पाठवलास, म्हणालीस, बघ, तुझ्याच हाताखालून गेलं असेल बाबांचं रक्त. आणि पत्राच्या शेवटी सहज लिहिलंस की हल्ली संध्याकाळी त्यांच्या चपला घट्ट होतात, दिवसभर मशीनवर पाय मारून सुजत असतील. ते वाक्य मी चार वेळा वाचलं. ताई, चाळीस वर्षं बाबा शिलाई मशीन मारतायत. याआधी कधी चपला घट्ट झाल्या होत्या का?

तू सगळ्यांना सांगतेस की मी प्रयोगशाळेत बाटल्या धुतो. बाटल्या धुवायला इथे मशीन आहे. मी नमुने उतरवून घेतो. सकाळी गाडी येते, तिच्यात बर्फाच्या पेट्या, पेटीत नळ्या, नळीत रक्ताचं वरचं पिवळं पाणी. पेटी उघडली की आधी आतलं तापमान बघायचं, वहीत लिहायचं, मग एकेक नळी पुसून तिच्यावरच्या बारकोडच्या पट्ट्या यंत्राला दाखवायच्या. टूं वाजलं की शंभर खळग्यांच्या तबकात उभी करायची. नावं नसतात, नुसते क्रमांक. माझी खोली लांबट, एका बाजूला फ्रीजर, दुसऱ्या बाजूला मोठी काच. काचेपलीकडे तपासणीचं यंत्र. काचेला एक खिडकी आहे, तिच्यातून मी तबकं सरकवतो, जेलमध्ये जेवण सरकवतात तशी. पहिल्या महिन्यात वाटलं होतं, इथूनही पळावं. गॅरेज सोडलं, फरशीचं काम सोडलं, त्या बाटल्यांना लेबलं लावायच्या कारखान्यातून तर पगाराच्या आदल्या दिवशी निघालो. तू म्हणायचीस, याच्या तळपायाला भिंगरी. इथे मात्र दीड वर्ष टिकलो, ते मास्तरमुळे.

मास्तर म्हणजे काचेपलीकडचा माणूस, यंत्र चालवणारा. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा, आम्ही एकाच खोलीत राहतो. मास्तर हे नाव मीच ठेवलं, कारण दशांश चिन्ह म्हणजे काय ते मला त्याने शिकवलं. शाळेत तो ठिपका मला माशीने घाण केल्यासारखा वाटायचा. मास्तरने जेवणाच्या टेबलावर काड्यापेटीच्या काड्या मांडून दाखवलं, ही एक अख्खी, हे तिचे दहा तुकडे, आता सांग लेका, एक पूर्णांक तीन म्हणजे किती. अर्ध्या तासात कळलं. आठ वर्षांत शाळेला जमलं नाही ते! म्हणून पुढचं लिहिताना माझा हात अडखळतोय. तो माणूस वाईट असता तर हे पत्र दोन ओळींत झालं असतं.

आता माझ्या स्वभावाचं. मला संशय येतो, हे खरं. लहानपणी दूधवाला पाणी घालतो म्हणून मी आठ दिवस दारामागे लपलो होतो, आठवतं? आणि निघालं काय, तर पाणी आजी घालत होती, सगळ्यांना पुरावं म्हणून. बाबा त्या दिवशी इतके हसले की त्यांच्या तोंडातल्या टाचण्या खाली सांडल्या. पण ताई, दूध पातळ होतं हे तर खरं होतं ना? माझा डोळा चुकत नाही. बोट कुणाकडे दाखवायचं तिथे मी चुकतो. इथेही तेच झालं.

पाच-सहा महिन्यांपूर्वी मला काही नळ्या खटकायला लागल्या. गावोगावच्या नर्सबाया घाईत लेबलं लावतात, हातमोजे घालून, कुणाच्या तरी ओट्यावर बसून. त्यामुळे लेबल तिरकं, कडेला सुरकुती, कुठे ओल्या बोटाचा डाग. कुणाची नळी गळ्यापर्यंत भरलेली, कुणाची अर्धी. पाण्याचा रंगही प्रत्येकाचा निराळा, कुणाचं फिकं, कुणाचं गढूळ, कुणाचं लालसर झाक मारणारं. पण रोजच्या पेट्यांत दोन-तीन नळ्या अशा, की लेबल सरळ रेषेत, पाणी एकाच उंचीवर, आणि रंग तर अगदी एकाच भांड्यातून ओतल्यासारखा. पेटी उत्तरेची असो की दक्षिणेची, या दोन-तीन नळ्या सख्ख्या बहिणी. लेबलांच्या कारखान्यात वर्ष काढलेल्या माणसाला हे दिसणारच. साहेबांना नाही दिसलं, पदवीवाल्यांना नाही दिसलं, मला दिसलं. मला काय आनंद झाला तुला सांगू!

आणि मी लगेच गुन्हेगारही ठरवला. म्हटलं, या नर्सबाया चोर आहेत. रोज इतकी घरं करायची सक्ती असते, घरं होत नाहीत, मग कुठल्या तरी एकाच माणसाचं रक्त दहा नळ्यांत भरून दहा खोटी माणसं पाठवतात. मी त्यांच्यावर पाळत ठेवायला लागलो. कुठल्या पेटीत किती बहिणी, कुठल्या वारी, हे कागदावर लिहायचो. गाडीच्या ड्रायव्हरला आडून आडून विचारायचो. तो वैतागून म्हणाला, "मी पेट्या आणतो रे बाबा, बायका नाही." शेवटी मास्तरला सांगितलं. मला वाटलं तो हसेल. तो हसला नाही. त्याने दोन नळ्या उजेडात धरल्या, बराच वेळ बघितल्या आणि म्हणाला, "गड्या, तुझ्या डोळ्याला तोड नाही. कुणाला बोलू नकोस. आपण दोघं मिळून पकडू." त्या दिवशी मी दोन इंच उंच झालो असेन.

तेव्हापासून तो माझी जास्तच काळजी घ्यायला लागला. माझ्या वाटणीची खोली झाडायचा. साहेबांसमोर माझं कौतुक करायचा. मला तेव्हाच खटकायला हवं होतं, आपल्याकडे कुणी उगाच झाडू हातात घेत नाही. मी अधूनमधून विचारायचो, कधी पकडायचं? तो म्हणायचा, पुरावा जमू दे. पण चोर पकडायला निघालेला माणूस त्या नळ्या वेगळ्या करून वहीत लिहील, साहेबांकडे नेईल. मास्तर काय करायचा, तर सकाळी नऊला यंत्र सुरू केलं की सगळ्यात आधी त्याच नळ्या चालवायचा. मग बाकीच्या, दिवसभर. काचेतून मी रोज बघत होतो. त्याला त्या नेमक्या कशा सापडायच्या, ते पुढे लिहितो.

मागच्या आठवड्यात पाहणीच्या मुख्य कचेरीतून तपासनीस बाई आल्या. साठीच्या असतील, केस आखूड, पायात कापडी बूट, हातात कागदांचं बाड. भिंतीवर आमचा एक तक्ता असतो, मधे रेघ, वरखाली दोन रेघा. रोजच्या तपासणीचा ठिपका मधल्या रेघेच्या आसपास पडला पाहिजे, बाहेर गेला तर यंत्र थांबवायचं. आमचे ठिपके इतके छान ओळीत की साहेब बाईंना तिथे आधी घेऊन गेले, नवी सून दाखवावी तसे. बाई म्हणाल्या, "सुंदर आहे." आणि लगेच विचारलं, "यंत्राची छपाई बघू. कुठली नळी किती वाजता चालली, ती." साहेबांचा चेहरा उतरला नाही, कारण त्यांना काही माहीत नव्हतं. मास्तरचा उतरला. मी खिडकीतून बघत होतो ना.

मग बाई माझ्या खोलीत आल्या. एका तबकात वीस नळ्या लावल्या आणि म्हणाल्या, "तू रोज हाताळतोस. यातल्या काही वेगळ्या दिसतात का तुला?" मला पाच दिसल्या, एका नजरेत. माझा हात उचललासुद्धा गेला. तेवढ्यात काचेपलीकडे मास्तर दिसला. तो काही खुणावत नव्हता, नुसता उभा होता. आणि मी म्हणालो, "नाही बाई, सगळ्या सारख्याच." त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं. मग शांतपणे सांगितलं की यातल्या पाच त्यांच्या कचेरीत भरलेल्या आहेत. एकाच मोठ्या साठ्यातून भरायच्या, खोटे क्रमांक द्यायचे आणि खऱ्या माणसांच्या पेट्यांत गुपचूप मिसळायच्या. प्रयोगशाळेला कळता कामा नये. त्या सगळ्यांचा आकडा एकच यायला हवा, सकाळी चालवा की संध्याकाळी. आला, तर यंत्र सगळ्यांशी खरं बोलतंय. "आणि कुणी त्या ओळखायला लागलं," बाई म्हणाल्या, "तर मुसळ केरात. गेल्या चार महिन्यांत आमच्या अडीचशे नळ्या इथे आल्या. सगळ्या सकाळी नऊ ते दहामध्ये चालल्यात. अडीचशेला एकदाही दुपारचा नंबर लागला नाही, हे तुला कसं वाटतं?" मी म्हणालो, मला काय कळतं बाई, मी आठवी नापास. आयुष्यात पहिल्यांदा मी नापास असण्याच्या आड लपलो.

त्या दिवशी जेवायच्या सुट्टीत मास्तरला मागच्या जिन्यात गाठलं. त्याने लपवलं नाही. ज्याच्या उजेडावर यंत्र आकडा काढतं तो आतला दिवा म्हातारा झालाय. सकाळी ताजं जुळवून घेतलं की तासभर खरं बोलतो, मग जसजसा तापतो तसा आकडा खाली खाली पडतो. नवा दिवा मागवलाय, येत नाही. यंत्र थांबवलं असतं तर हजारो नळ्या तुंबल्या असत्या आणि काम दुसऱ्या प्रयोगशाळेला गेलं असतं, आपण सगळे घरी. "दिवा येईपर्यंतच रे," तो म्हणाला. "आणि एखाद-दोन दशांशाने कोण मरतं? पाहणी आहे ही, इलाज नाही. लाखभर लोकांची सरासरी काढतात." मी विचारलं, मग घरोघर कागद का पाठवतात? त्याने वाकून जिन्यात कुणी आहे का ते बघितलं. नंतर म्हणाला, "तू बोललास तर आपण दोघं जाऊ. मी एकटा नाही."

एखाद-दोन दशांश हेही खोटं आहे. कचेरीची एक नळी मधे चुकून दुपारी चालली होती. तिच्या बहिणी सकाळी एक पूर्णांक चार देत होत्या, तिने दिला फक्त एक. त्या दिवशी मास्तर हेच आकडे ऐकवत माझ्यावर असा ओरडला की मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. का ओरडला ते तेव्हा कळलं नाही. ती नळी त्याने परत सकाळी चालवली आणि दुपारची नोंद खोडली. आता हिशोब कर, मास्तरनेच शिकवलेला. एक पूर्णांक चारचा दुपारी एक होतो. मग आपल्या डॉक्टरांच्या एक पूर्णांक आठचा किती होईल? मी काड्या मांडून तीनदा केला, ताई. एक पूर्णांक तीनच्या आसपास येतो.

काल बाबांचा क्रमांक घेऊन छपाई शोधली. सापडली. बाबांची नळी दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी चालली आहे. बाबा बरे असतीलही. गोळ्यांनी खरंच गुण आला असेल. मला माहीत नाही, आणि त्या कागदालाही माहीत नाही. तो बाबांनी काचेत लावलाय ना, तो काहीच सांगत नाही.

आता सांगायचं राहिलेलं सांगतो, त्याच्यासाठीच एवढं लिहिलं. हे सगळं मी मास्तरने केलं, मास्तरने केलं असं लिहीत आलो. पण मास्तरला त्या नळ्या ओळखता येत नव्हत्या. आजही येत नाहीत, त्याला सगळी लेबलं सारखीच दिसतात. मी दाखवायचो. तो म्हणाला, झाकणाला निळ्या पेनाने बारीक ठिपका दे, आपले चोर त्यात सापडतील, आणि मी चार महिने रोज सकाळी ठिपका देत गेलो, अडीचशे नळ्यांना. एकच विसरलो, तीच दुपारी गेली. नर्सबाया निर्दोष होत्या, मी त्यांच्यावर टपून बसलो आणि खऱ्या भानगडीला स्वतःच्या हाताने वाट करून दिली. बाबांची नळीसुद्धा मीच पुसून तबकात ठेवली असेल, तिरक्या लेबलाची, खरी, म्हणून बिनठिपक्याची. काल मी बॅग भरली होती. मग तुझं पत्र परत वाचलं, चपलांचं, आणि कपडे खुंटीला लावले. तपासनीस बाई उद्यापर्यंत इथे आहेत. हे पत्र आधी पेटीत टाकतो आणि तसाच त्यांच्याकडे जातो, म्हणजे मला मागे फिरता येणार नाही. दुपारी चाललेल्या सगळ्या नळ्या परत तपासायला लागतील, हजारो घरांत दुसरा कागद जाईल, पण त्याला महिने जातील. तू थांबू नकोस. पत्र वाचून झालं की स्टूल घे आणि कपाटावरचा डबा काढ. दुसऱ्याच दिवशी बाबांना आपल्या डॉक्टरांकडे ने, पाय दाखव, गोळ्या कुठल्या आणि किती ते त्यांनाच ठरवू दे. ते लुटारू नाहीत, बाबांना सांग. बाबा माझ्यावर चिडले तर चिडू दे, खरंच चिडण्यासारखं आहे. आणि ताई, एक कर. तुला सवय आहे, मी लांब असतो म्हणून वाईट बातमी तू नेहमी साखर घालून पाठवतेस. आजी गेली तेव्हा 'जरा बरं नाही' असं लिहिलं होतंस. या वेळी तसं करू नकोस. नवा आकडा येईल तो जसाच्या तसा लिही, ठिपक्यानंतरच्या अंकासकट. तो किती वाईट आहे ते आता मला वाचता येतं.

उत्तराची वाट बघतोय, या वेळी कुठेही न पळता.

तुझाच,
धाकटा